ॲन इलियटचे रिअ‍ॅक्शन शॉट

मालिकांच्या एडिटमध्ये सगळ्यात स्वस्त माल म्हणजे रिअ‍ॅक्शन. एक जण वाक्य बोलतो आणि आम्ही खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे रांगेने लावतो: सासू, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, दाराशी चहाचा ट्रे घेऊन थबकलेली बाई. त्यावर ‘धाड’ असा आवाज. एपिसोड लांबीला कमी पडत असला की प्रत्येक चेहरा अजून थोडा ताणायचा. गोरेगावच्या एका एडिट रूममध्ये बसून मी हेच करून पोट भरते, त्यामुळे तक्रार करायचा मला फारसा हक्क नाही. पण रोज इतके चेहरे कापले की एक गोष्ट डोळ्यांना कळायला लागते. खरोखर ऐकत असलेला माणूस आणि ऐकल्याचं दाखवणारा माणूस यांत फरक असतो. आवाज बंद करून बघितलं की तो जास्तच दिसतो.

हे सगळं आठवायचं कारण जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’. ऑस्टिन म्हटलं की लोक ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर येतात, त्यातला नायक डार्सी पडद्यावर कोणाचा बरा यावर तासन्‌तास भांडतात. भांडोत. माझी कादंबरी ही. ती १८१७ च्या डिसेंबरात बाजारात आली, ऑस्टिन त्याआधी जुलैतच गेली होती. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

गोष्ट थोडक्यात सांगते. ॲन इलियट, वय सत्तावीस, सॉमरसेटमधल्या केलिंच हॉलच्या सर वॉल्टर इलियटची मधली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या नौदलातल्या तरुणाशी लग्न ठरलं होतं. त्याच्याकडे ना पैसा, ना घराणं. ॲनची आई वारलेली. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने तिची समजूत घातली आणि ॲनने दिलेला शब्द मागे घेतला. आठ वर्षांनी वेंटवर्थ परत येतो तेव्हा कॅप्टन झालेला असतो, शत्रूची जहाजं पकडून मिळालेल्या बक्षिसांमुळे पंचवीस हजार पौंडांचा धनी असतो. इकडे सर वॉल्टर उधळपट्टीने कर्जात बुडालेत आणि त्यांना राहतं घर भाड्याने द्यावं लागलंय. भाडेकरू कोण, तर वेंटवर्थची बहीण आणि तिचा नवरा ॲडमिरल क्रॉफ्ट. तो बहिणीकडे येणार, म्हणजे भेट टळत नाही. यापुढची बरीचशी कादंबरी अशी आहे: दोघं एकाच खोलीत असतात, एकमेकांशी कामापुरतंच बोलतात, आणि ॲन ऐकते.

खरोखर ऐकतेच. ‘ती इतकी बदललीय की मी तिला ओळखलंही नसतं’ असं वेंटवर्थ म्हणाल्याचं तिची धाकटी बहीण मेरी तिला सहज सांगून टाकते. एकदा फिरायला गेल्यावर ती कुंपणाच्या झुडपाआड बसलेली असते आणि पलीकडून वेंटवर्थ मेरीच्या नणंदेला, लुईसा मसग्रोव्हला, माणसाच्या ठामपणावर भाषण देत असतो, हातात एक हेझलनट धरून. ते भाषण कुणाला उद्देशून आहे हे लुईसाला ठाऊक नाही, आपल्याला आणि ॲनला ठाऊक आहे. बाथ शहरातल्या मैफलीत, जेवणाच्या टेबलावर, पियानोवर बसून दुसऱ्यांच्या नाचाला साथ देताना, सगळीकडे तिचे कान चालू असतात आणि तोंड बंद.

आता यावर सिनेमा करायचा म्हणजे काय करायचं? नायिका बोलत नाही. रडायचंही चारचौघांत नाही. तिला आतून काय वाटतं ते कादंबरीत निवेदिका सांगते, आणि निवेदिका तर पडद्यावर नसते. चार वेळा लोकांनी यावर चार वेगवेगळे उपाय काढले, ते मी पाहिलेत.

१९७१ चा पहिला पटकन उरकते. ग्रॅनडा टेलिव्हिजनची मालिका, ॲनच्या भूमिकेत ॲन फर्बँक, वेंटवर्थ म्हणजे ब्रायन मार्शल. बरीचशी स्टुडिओत केलेली, भिंती हलतील की काय असं वाटणारी, म्हणजे आमच्याच जातकुळीतली. संवाद निवांत आहेत, कादंबरीतलं बरंच काही त्यात टिकलंय. पण ॲनच्या डोक्यावर केसांचा जो डोंगर रचलाय तो १८१४ सालचा नाही, १९७१ चाच आहे, आणि एकदा तो दिसला की मला दुसरं काही दिसत नाही.

१९९५ चा बीबीसीचा. दिग्दर्शक रॉजर मिशेल, पटकथा निक डिअरची, ॲन म्हणजे अमांडा रूट, वेंटवर्थ किअरन हाइंड्स. हा टीव्हीसाठी केलेला चित्रपट, नंतर अमेरिकेत थिएटरमध्येही लागला. सर्वोत्तम एकल नाट्याचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, प्रिंट खराब आहे. कोणाच्या चेहऱ्यावर मेकअप नाही. केस तेलकट, कपड्यांना चुण्या, रात्रीचे प्रसंग मेणबत्तीच्या उजेडात इतके अंधारे की आमच्या चॅनलच्या टेक्निकल तपासणीत पहिल्याच फेरीत परत आले असते. मग लक्षात आलं की हे गोष्टीतलंच आहे. सर वॉल्टरचा नौदलावर एक मोठा राग कशाबद्दल? समुद्रावर माणसाचा रंग जातो याबद्दल. घरभर आरसे लावून बसलेला हा बाप, येईल त्याच्या कातडीवरून त्याची किंमत करतो. अशा गोष्टीत सगळ्यांना गुळगुळीत रंगवलं तर सर वॉल्टरच जिंकला की!

अमांडा रूट सुरुवातीच्या प्रसंगांत जवळजवळ बोलतच नाही. घर भाड्याने द्यायची चर्चा चाललीय, बाप बोलतोय, थोरली बहीण एलिझाबेथ बोलतेय, वकील बोलतोय, आणि ही कडेला. पण कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतो. आमच्याकडचा असिस्टंटही विचारेल की ही बोलत नाही तर हिच्यावर कट का? अरे, म्हणूनच. कोण नवे भाडेकरू येतायत, त्या बाईंचा भाऊ कोण, ही माहिती तिच्या चेहऱ्यावर कशी पोचते ते आपण बघतो. बाकीच्यांना पत्ता नाही. नायिकेचं गुपित आपल्याला माहीत आणि खोलीतल्या कुणालाच नाही, हे एकदा जमलं की पुढे संगीताने ढकलायची गरज उरत नाही. वेंटवर्थ आठ वर्षांनी पहिल्यांदा दारातून आत येतो तेव्हा तर तिचा खुर्चीच्या पाठीवरचा हात काय तो बोलतो. कादंबरीतही ती भेट अशीच आहे. नजरेला अर्धी नजर, एक लवणं, खोली माणसांनी आणि आवाजांनी भरल्यासारखी वाटते, आणि काही मिनिटांत सगळं संपलेलं असतं.

आवाज बंद करून बघायची माझी परीक्षा मी यावर घेतली. ॲन, मेरी, मेरीचा नवरा चार्ल्स, वेंटवर्थ, मसग्रोव्ह बहिणी असा पसारा असलेले प्रसंग. एक शब्द न ऐकता कळतं की या खोलीत कोण कोणाकडे बघायचं टाळतंय.

कादंबरीतली एक जागा एडिटर म्हणून मला वेड लावते. ॲन आजारी भाच्याजवळ गुडघ्यांवर बसलीय. दुसरा भाचा, दोन वर्षांचा, तिच्या पाठीवर चढून मानेला लोंबकळतोय, सोडत नाही. खोलीत वेंटवर्थ आहे. आणि मग ऑस्टिन काय लिहिते, तर ॲनला एकदम जाणवतं की आपली सुटका होतेय, कोणीतरी पोराला उचलून घेतंय. आधी मान हलकी होते, पोराचे इवलेसे हात सुटतात, आणि तो पोराला घेऊन बाजूला गेल्यावर मग तिला कळतं की तो वेंटवर्थ होता. परिणाम आधी, कारण नंतर. आपण मालिकेत नेमकं उलटं करतो: आधी त्याचा क्लोजअप, मग हाताचा, मग तिचा, मग परत त्याचा, आणि एवढं करून प्रेक्षकाला समजलं नसेल म्हणून गाण्याची एक ओळ. १९९५ च्या चित्रपटात ही जागा आहे आणि ती घाईत, गडबडीत, मुलांच्या किरकिरीत उरकलीय. छान उरकलीय. थोड्याच वेळाने लांबच्या फेरीनंतर दमलेल्या ॲनला तो न विचारता बहिणीच्या गाडीत चढवतो, तिथे मात्र कॅमेरा त्याच्या हातांवर थांबतो. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, एवढंच तर असतं आमचं काम.

या चित्रपटात खटकणाऱ्या गोष्टी नाहीत असं नाही. पहिली वीसेक मिनिटं कोण कोणाचं कोण लागतं ते कळत नाही, कादंबरी न वाचलेल्याला तर मुळीच नाही. माझ्या आईने मध्येच थांबवून कागदावर वंशावळ काढून घेतली. पार्श्वसंगीतात शोपँ वाजतो आणि गोष्ट घडते तेव्हा तो चार-पाच वर्षांचा पोर होता. शेवटी बाथच्या रस्त्यात सर्कशीची मिरवणूक निघते आणि त्या गोंधळात ही दोघं एकमेकांचं चुंबन घेतात. सर्कस ऑस्टिनने लिहिलेली नाही. पण मला ती चालते. आठ वर्षं गर्दीत एकमेकांना टाळलेली माणसं गर्दीतच भेटतात आणि गर्दीला त्याचं काही नसतं.

आणि मग संध्याकाळी वेंटवर्थ सर वॉल्टरकडे लग्नाचं बोलतो तेव्हा कोरिन रेडग्रेव्ह जो चेहरा करतो! ॲनशी? कशासाठी? आपल्या पोरीशी कोणी लग्न का करेल हे त्या बापाला प्रामाणिकपणे कळत नाही.

शेवट जहाजावर होतो. ॲन नवऱ्याबरोबर समुद्रावर निघालीय. पुस्तकात हा प्रसंग नाही, पण बीज आहे. क्रॉफ्टबाई सांगतातच की त्या चारदा अटलांटिक ओलांडून आल्यात आणि एकदा ईस्ट इंडीजलाही जाऊन आल्यात, आणि नवऱ्यासोबत जहाजावर घालवलेले दिवस हेच त्यांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस. फिओना शॉने ते इतक्या सरळपणे म्हटलंय की ॲनबरोबर आपणही मनात नोंद करतो. जाता जाता मुंबईकरांसाठी सांगते. ही कादंबरी छापून आली त्याच साली, १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची एक फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, बांधून पाण्यात सोडली, एचएमएस ट्रिंकोमाली. ती अजून तरंगती आहे, इंग्लंडात हार्टलपूलला. वेंटवर्थचं जहाज लॅकोनिया काल्पनिक, पण तशा जातीचं जहाज डोळ्यांनी बघायचं असेल तर ते आपल्या गावातून गेलेलं आहे.

२००७ चा आयटीव्हीचा. दिग्दर्शक एड्रियन शेरगोल्ड, ॲन म्हणजे सॅली हॉकिन्स, वेंटवर्थ रुपर्ट पेनरी-जोन्स. हा माणूस इतका गोरागोमटा आहे की सर वॉल्टरने त्याला पहिल्याच दिवशी जावई करून घेतला असता. तो विषय सोडा. सॅली हॉकिन्स मला चौघींत सर्वांत जास्त आवडते असं म्हटलं तर १९९५ वाले माझ्यावर धावून येतील, पण आवडते. तिच्या चेहऱ्यावर जे काही चालतं ते त्वचेच्या लगेच खाली चालल्यासारखं वाटतं. ती रोजनिशी लिहिते, आपल्याला तिचा आवाज ऐकू येतो, आणि मधूनच ती लिहिता लिहिता मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघते. काही बोलत नाही. नुसती बघते. आमच्या सेटवर ‘लेन्समध्ये बघू नकोस’ हे नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि इथे तो नियम मोडल्यावर माझ्या अंगावर काटा आला. तिला कुणीतरी बघत असावं अशी तिची इच्छा असल्यासारखी ती नजर होती.

मग इतकी चांगली ॲन मिळूनही हा चित्रपट का फसतो? कात्री चुकीच्या जागी चालली म्हणून. ते कळायला कादंबरीच्या शेवटाचा इतिहास सांगावा लागेल, आणि ही या सगळ्या प्रकरणातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे.

ऑस्टिनने हा शेवट दोनदा लिहिला. १८१६ च्या जुलैत तिने कादंबरी संपवली होती. त्या पहिल्या शेवटात ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला आपल्या घरी घेऊन जातात, वेंटवर्थसोबत एका खोलीत गाठ पडते, आणि त्याला ॲडमिरलतर्फे विचारायचं असतं की तू तुझ्या चुलतभावाशी लग्न करतेयस असं कानावर आलंय, तर केलिंच तुम्हाला परत हवंय का? ती नाही म्हणते. तो बघतो. झालं, जमलं! ऑस्टिनच्या भाच्याने पुढे तिच्या आठवणी लिहिल्या, त्यात आहे की हा शेवट तिला फिका वाटत राहिला, ती खट्टू होऊन झोपली आणि मग नव्या उमेदीने पुन्हा लिहायला बसली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवा शेवट तयार होता. रद्द केलेल्या त्या दोन प्रकरणांची पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. प्रसिद्ध झालेल्या तिच्या सहाही कादंबऱ्यांपैकी तिच्या हातचा कागद उरलाय तो एवढाच. लॉक झालेला एपिसोड उघडून पुन्हा कापणारी बाई! आमच्याकडे हे फक्त चॅनलने झापल्यावर होतं.

नव्या शेवटात तिने काय केलं बघा. दोघांना एकांत देणारी ती खोली काढून टाकली. त्याऐवजी बाथमधल्या व्हाइट हार्ट या खाणावळीची माणसांनी भरलेली खोली. एका कोपऱ्यात बायका लग्नाच्या मुहूर्तावर चर्चा करतायत. वेंटवर्थ टेबलाशी बसून मित्राचं काम म्हणून पत्र लिहितोय. खिडकीशी त्याचा मित्र कॅप्टन हारव्हिल ॲनला बोलावतो आणि त्याच्या मेलेल्या बहिणीवरून विषय निघतो: तिचा होणारा नवरा कॅप्टन बेनविक तिला इतक्या लवकर कसा विसरला? पुरुष जास्त काळ प्रेम करतो की बाई? हारव्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाबद्दलच बोलतात. ॲन म्हणते, पुस्तकांचे दाखले नकोत, लेखणी पुरुषांच्या हातात राहिलीय. आणि मध्येच टेबलाकडून बारीकसा आवाज येतो. वेंटवर्थची लेखणी खाली पडलेली असते. सगळ्या प्रसंगात एकच इफेक्ट साउंड, आणि तो लेखिकेने स्वतः लिहून ठेवलाय.

म्हणजे इथे पारडं फिरतं. पूर्ण कादंबरीभर तो बोलला आणि तिने ऐकलं. आता ती बोलते आणि तो ऐकतो. ती त्याच्याशी बोलत नाहीये, तरी ऐकतो. ऐकता ऐकताच दुसऱ्या कागदावर तिला पत्र लिहायला लागतो, ‘अर्धा वेदना, अर्धा आशा’ असं स्वतःबद्दल लिहून मोकळा होतो, निघून जातो, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो आणि पत्र तिच्यापुढे सरकवतो. तिचा चेहरा आपण पुस्तकभर बघत आलो, त्याचा पहिला खरा रिअ‍ॅक्शन शॉट म्हणजे ते पत्र.

१९९५ वाल्यांनी हे जसंच्या तसं ठेवलं. पत्र वाचताना त्याचा आवाज आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळतात. २००७ मध्ये मात्र बाईच्या निष्ठेवरचं ते बोलणं उचलून आधीच लाइम या समुद्रकाठच्या गावात, बेनविकबरोबरच्या गप्पांत नेऊन टाकलं. बोलणं चांगलं झालंय. पण मग शेवटाला काय उरलं? पत्राला कारणच उरलं नाही. कोणी काही ऐकलंच नाही तर तो लिहितो कशावरून? ती पोकळी त्यांनी ॲनला पळवून भरली. ती बाथच्या रस्त्यांवरून धावतेय, धावतेय, कॅमेरा तिच्या मागेपुढे हिंदकळतोय. कादंबरीत दुखण्याने घरात जखडलेली तिची मैत्रीण मिसेस स्मिथसुद्धा रस्त्यात तिला गाठायला येते! पत्रही त्याच धावपळीत वाचलं जातं. आमच्याकडे क्लायमॅक्सला जोर नाही असं लक्षात आलं की नायिकेला अनवाणी देवळात पळवतात, अगदी तसंच. त्यानंतरचं चुंबन इतकं लांबतं की मी टाइमलाइनवर असते तर निम्मं उडवलं असतं. शेवटी वेंटवर्थ तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला केलिंच हॉलसमोर उभी करतो, लग्नाची भेट म्हणून. वडिलोपार्जित इस्टेट, पुढचा वारस ठरलेला, सर वॉल्टर ती भाड्याने देऊ शकतो पण विकू शकत नाही, यावर तर अख्खं कथानक उभं आहे. आणि मुळात ॲनला ते घर परत हवंय असं कुणी सांगितलं?

लाइमचाच आणखी एक मुद्दा. समुद्रात घुसलेला तो दगडी बांध, कॉब, त्याच्या पायऱ्यांवरून लुईसा हट्टाने उडी मारते, वेंटवर्थने झेलायच्या आधी खाली कोसळते. ऑस्टिनने लिहिलंय की तिने अर्ध्या सेकंदाची घाई केली. अर्धा सेकंद! टीव्हीच्या हिशेबाने साडेबारा फ्रेम. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला एवढं नेमकं टायमिंग सांगावंसं वाटलं. ही उडी मी सगळ्यांत फ्रेम-फ्रेम पुढेमागे करून पाहिलीय, आणि माझं मत असं की पडण्यापेक्षा त्यानंतरची ॲन महत्त्वाची. सगळे मोठे पुरुष हातपाय गाळून उभे असतात, आणि कायम कडेला बसणारी ही बाई सांगते की डॉक्टरला बोलवा, बेनविकला पाठवा, त्याला गाव माहीत आहे. वेंटवर्थ तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेने बघतो तो शॉट किअरन हाइंड्सला जमलाय.

आता २०२२. नेटफ्लिक्स, दिग्दर्शिका कॅरी क्रॅकनेल, ॲन म्हणजे डकोटा जॉन्सन. इथे उपाय सोपा आहे: ॲन बोलत नाही ना, मग तिला कॅमेऱ्याशी बोलायला लावा. ती आपल्याकडे बघून डोळे मिचकावते, टोमणे मारते, बाटलीने वाइन पिते, सशाला कुशीत घेऊन बसते. कादंबरीत एक वाक्य आहे की आता ती दोघं परक्यांसारखी झाली होती, परक्यांहून वाईट, कारण आता त्यांची ओळख कधीच होऊ शकणार नव्हती. चित्रपटात ॲन म्हणते, आता आम्ही परक्यांहून वाईट आहोत, आम्ही एक्स आहोत. हे ऐकून इंग्रजी वाचकांनी जो दंगा केला तो मला थोडा जास्त वाटला. वाक्यं बदलायला माझी हरकत नाही. आम्ही रोज बदलतो.

हरकत आईने नेमकी पकडली. तिने कादंबरी वाचलेली नाही, वाचणारही नाही. डोंबिवलीच्या घरी पलंगावर पाय वर घेऊन, खालची अक्षरं वाचत तिने अर्ध्या तासापर्यंत पाहिला आणि म्हणाली, “ही एवढी चुरूचुरू बोलते. मग आठ वर्षांपूर्वी हिला कोणी कसं काय गप्प केलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चित्रपटाकडेच नाही. डकोटा जॉन्सनच्या ॲनला लेडी रसेलने समजूत घातली असती तर तिने एक चुरचुरीत उत्तर देऊन वेंटवर्थबरोबर त्याच रात्री पळ काढला असता. आणि दुसरं असं की तिने आपल्याला सगळं आधीच सांगून टाकलंय, त्यामुळे पत्र येतं तेव्हा तुंबलेलं असं काही राहिलेलंच नसतं. सॅली हॉकिन्स बघते आणि ही बघून वर सांगते, दोन्ही चित्रपटांत लेन्सचा नियम मोडलाय, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या असिस्टंटला मात्र हाच आवडतो. ती चोवीसची आहे. एडिट रूममध्ये एक्सपोर्टची पट्टी सरकत असताना आमचं यावर वाजलं. तिचं म्हणणं, “ताई, तिच्या घरात कुणी ऐकतच नाही तिचं. मग ती आम्हाला सांगते. आम्ही पण तेच करतो, रात्री मैत्रिणींना व्हॉइस नोट टाकतो.” मुद्दा बिनतोड आहे. मी म्हटलं, व्हॉइस नोट टाकणारी मुलगी आणि ज्या मुलीला व्हॉइस नोट टाकायलाही कुणी नाही ती मुलगी, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. तिला पटलं नाही. तिने १९९५ चा चित्रपट झोप येते म्हणून बंद केला आणि मी तिला तो परत बघायला लावलेला नाही. एवढं तरी मोठेपण माझ्यात आहे.

२०२२ च्या बाजूने दोन गोष्टी मीही बोलेन. हेन्री गोल्डिंगचा मिस्टर इलियट, म्हणजे ॲनचा तो चुलतभाऊ, उघडउघड सांगतो की मी इथे स्वार्थासाठी आलोय, आणि त्याचा तो निर्लज्जपणा बघायला मजा येते. दुसरी गोष्ट म्हणजे मेरी. मिया मकेना-ब्रूसने केलेली मेरी, घरातल्या सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळेपर्यंत आजारी पडणारी, चारही प्रकारांत मला सगळ्यात जास्त आपल्या नात्यातली वाटली. १९९५ च्या सोफी थॉम्पसनची मेरीही तशीच पक्की. ही एक भूमिका बिघडवायची म्हटलं तरी कुणाला जमत नाही, कारण ऑस्टिनने ती अशी लिहिलीय की नटीने फक्त उभं राहून बोलायला हवं. कादंबरीच्या अखेरीस ॲनचं लग्न ठरतं तेव्हा मेरी हिशेब मांडते: वेंटवर्थकडे पैसा आहे खरा, पण माझ्या नवऱ्याला पुढेमागे मसग्रोव्हांची इस्टेट मिळणार आहे, आणि त्या वेंटवर्थला कोणी सर वगैरे केलं नाही म्हणजे मिळवली.

हे मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ॲनचं राहू दे, तुमच्या चॅनलला हिच्यावर मालिका काढायला सांग. पाच वर्षं तरी चालेल.